अजिंठ्याच्या भिंतीवरचा पांढरा

पांझरा नदीपलीकडच्या देवपुरात लग्नसराई सुरू झाली, की वैशाखाच्या भर दुपारी नवरदेवाच्या शुभ्र पोशाखावर आणि त्यामागील मांडवाच्या सावलीवर एकाच वेळी नजर ठेवणाऱ्या छायाचित्रकाराची जी तारांबळ उडते, ती या पेशास नवीन नाही. खानदेशाच्या वेशीवर, फर्दापूरनजीकच्या लेण्यांत, तिचे एक जुने आणि ठळक प्रकरण घडून गेलेले आहे.

मद्रासच्या फौजेतील रॉबर्ट गिल याची नेमणूक १८४४ साली कंपनी सरकारने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला उतरविण्याच्या कामगिरीवर केली. निजामाच्या मुलखात वर्षानुवर्षे मुक्काम करून त्याने तैलरंगात सिद्ध केलेल्या या नकला विलायतेस गेल्या, आणि १८६६ च्या डिसेंबरात सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक भस्मसात झाल्या. तत्पूर्वीच तो कॅमेऱ्याकडे वळला होता, आणि वास्तुइतिहासकार फर्ग्युसनच्या विवेचनासह त्याच्या छायाचित्रांचा ग्रंथ १८६४ साली लंडनमध्ये प्रसिद्धही झाला होता. १८७९ साली त्याचे देहावसान झाले. त्याची कबर भुसावळास आहे. ना. धों. महानोरांनी ‘अजिंठा’ हे काव्य लिहिल्यापासून मराठी वाचक त्याला त्यातील पारूचा प्रियकर म्हणूनच ओळखतो, आणि त्याच्या छायाचित्रांच्या काचांची विचारपूस सहसा कोणी करीत नाही, याची मला थोडी खंत वाटते.

त्या काळी प्रचलित असलेल्या कलोडियनच्या प्रक्रियेत काचेवर लेप द्यावयाचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावात बुडवावयाची, आणि लेप ओला आहे तोवरच चित्र घेऊन ते अंधारात प्रकटही करावयाचे, असा क्रम होता. उन्हाळ्यातील खानदेशी हवेत ही मुदत किती तुटपुंजी ठरत असेल, हे येथील रहिवाशास निराळे सांगावयास नको. त्यातून त्या लेपास निळ्या किरणांचे भान तीव्र आणि तांबड्या-पिवळ्यांचे जवळजवळ नाही. म्हणून लेण्याबाहेरचे आकाश निर्विकार पांढरे होई, आणि ज्या गेरूने व पिवळ्या मातीने अजिंठ्याची भिंत जिवंत झाली आहे ते रंग काळवंडून जात. फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७३ मध्ये लेपात रंगद्रव्ये मिसळून हा पक्षपात कमी करण्याचा मार्ग दाखविला, तरी सर्व रंगांस समन्याय देणाऱ्या काचा बाजारात येण्यास विसावे शतक उजाडावे लागले. निजाम सरकारच्या पुराणवस्तू खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात चार भागांत प्रसिद्ध केलेले अजिंठ्याचे ग्रंथ छायाचित्रांवर आधारलेले होते, ते या प्रगतीच्या बळावरच.

आज देवपूरचा छायाचित्रकार ज्यास ‘रॉ’ म्हणतो, ती फाइल म्हणजे संवेदकाने मोजलेल्या प्रकाशाचे कच्चे दप्तर होय. येथे जुना नियम उलटा झाला आहे. निगेटिव्हवर छायेतील तपशील प्रथम सांभाळावा लागे, कारण तेथे न उमटलेले पुढे कशानेही उमटत नसे. संवेदकावर मात्र पांढऱ्याची चिंता प्रथम वाहावी लागते, कारण प्रकाशाची कमाल मर्यादा एकदा ओलांडली गेली की त्यापुढील नोंदच होत नाही. चौदा बिटांच्या फाइलीत १६,३८४ पायऱ्या असतात, आणि त्यांतील निम्म्या सर्वांत उजळ अशा एका ‘स्टॉप’च्या (म्हणजे प्रकाशाच्या एका दुपटीच्या) वाट्यास जातात, म्हणून पांढरा न सांडू देता शक्य तितका अधिक प्रकाश घेणे, हाच सुज्ञांचा दंडक. यातील फसगत अशी, की कॅमेऱ्याच्या पाठीवर दिसणारा आलेख कच्च्या फाइलीचा नसून तिच्यावरून तयार केलेल्या जेपेगचा असतो, आणि तो पुष्कळदा पांढरा सांडल्याची हाकाटी नाहक करतो. खरोखरच सांडला, तर सूर्यप्रकाशात बहुधा हिरवा भाग प्रथम भरतो, पुढे व्हाइट बॅलन्ससाठी तांबड्या व निळ्यास गुणिले जाते, आणि नवरदेवाच्या सदऱ्यावर नकोशी गुलाबी झाक चढते.

सदऱ्याचा पांढरा कोणता, याविषयी वाद नसतो. अजिंठ्याच्या भिंतीचा पांढरा कोणता, हा मात्र खरा वादाचा विषय आहे. चुना, केओलिन व जिप्सम यांपासून सिद्ध केलेल्या त्या पांढऱ्यावर नकला करणाऱ्यांनी वार्निश चढविले, आणि १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने पाचारण केलेल्या चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी लाखेचा थर दिला, जो कालांतराने पिवळा पडला. अशा भिंतीवरील एखादा ‘पांढरा’ भाग निवडून संगणकास तोच शुभ्र मानावयास लावले, तर तो पिवळेपणा एका क्षणात नाहीसा होतो खरा; पण त्याचबरोबर भिंतीवर झालेल्या उपचारांची साक्षही पुसली जाते, आणि उरलेल्या चित्रातील तांबडे-पिवळे रंगही निळसर फिक्या छटेने खोटे पडतात.

माझ्या मते, लेण्यातील मंद उजेडात (जेथे फ्लॅशला सक्त मनाई आहे आणि ती रास्तच आहे) भिंतीलगत करड्या रंगाचे प्रमाणित कार्ड धरून एक चित्र घ्यावे, आणि पांढऱ्याचा निवाडा त्या कार्डाच्या साक्षीने करावा, भिंतीच्या नव्हे. रंगांच्या मूळ रूपाचा शोध घेणारी दुसरी, सुधारलेली प्रत कोणास करावयाची असल्यास त्याने ती अवश्य करावी. परंतु तिच्यावर अनुमानाची स्पष्ट नोंद असावी, आणि कच्ची फाइल पहिल्या प्रतीसोबत दप्तरी दाखल असावी.