प्लेगचे क्रूस

वांद्रे, माझगाव, गिरगाव. या भागांत पायी फिरलात तर गल्लीच्या वळणावर मध्येच एक क्रूस उभा दिसतो. चुन्याचा पांढरा रंग, गळ्यात झेंडूचा हार, पायाशी विझलेली मेणबत्ती. वांद्र्यात तर रिक्षावाले सवयीने त्याला वळसा घालून जातात, वर बघतही नाहीत.

माझं लहानपण गिरगावात, खोताच्या वाडीपासून पाच मिनिटांवरच्या चाळीत गेलं. मला तेव्हा वाटायचं की क्रूस आहे म्हणजे खाली कोणाला तरी पुरलेलं असणार. आजी म्हणायची, "पाय लावू नकोस रे, मरीच्या साथीतला देव आहे तो." तिला हे तिच्या सासूने सांगितलेलं. पुढे कळलं की आजी अर्धी बरोबर होती. सगळेच क्रूस साथीतले नाहीत. काही पोर्तुगीज काळापासूनचे आहेत, काही कुणाच्या नवसाचे. पण जरा वाकून चौथऱ्यावरची अक्षरं वाचलीत तर १८९७ पासून पुढच्या चार-पाच वर्षांतलं साल बऱ्याच ठिकाणी सापडतं. ते प्लेगचे क्रूस.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत एका वेगळ्याच तापाचे रोगी सापडायला लागले. काखेत, जांघेत गाठ यायची आणि काही दिवसांत माणूस जायचा. हा ब्युबॉनिक प्लेग आहे हे निदान केलं डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. मूळचे गोव्याचे, हडपडेचे. पुढे ते महापालिकेचे अध्यक्षही झाले. धोबीतलावला मेट्रो सिनेमापाशी त्यांचा पुतळा आहे, आपण सगळे त्याच्याखालून बस पकडतो.

तेव्हा मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आसपास. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत जवळपास निम्मं शहर रिकामं झालं. जे राहिले त्यांना दोन भीती होत्या. एक गाठीची आणि दुसरी सरकारची. पथकं घरात शिरायची, जमीन कार्बोलिकने धुवायची, उजेड यावा म्हणून कौलं काढायची, रोग्याला उचलून न्यायची. घराच्या भिंतीवर यू.एच.एच. अशी अक्षरं रंगवली की ते घर राहायला अयोग्य. आर्थर रोडच्या इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, तिथे त्याला मारतातच, अशी अफवा इतकी पसरली की २९ ऑक्टोबर १८९६ ला गिरणी कामगारांच्या जमावाने त्या इस्पितळावर हल्ला केला. पुण्यात पुढच्या जूनमध्ये रँडचं काय झालं ते आपण शाळेत शिकलोच आहोत. घरोघरी काय चाललं होतं ते मात्र आपल्याला कोणी शिकवत नाही. लोक आजार लपवत होते. शेजारी शेजाऱ्याकडे जात नव्हता. खोकला आला तरी माणूस उशीत तोंड खुपसत होता.

अशा दिवसांत ईस्ट इंडियन लोकांच्या गावठाणांत आणि पाखाड्यांत क्रूस उभे राहिले. (हे लोक इथलेच, मूळचे मराठी बोलणारे. 'ईस्ट इंडियन' हे नाव त्यांनी १८८७ मध्ये घेतलं. नावावरून बाहेरचे समजू नका.) त्यांच्या घरांत आजही सांगतात की चर्च लांब, गर्दीत जायची धास्ती, म्हणून प्रार्थनाच गल्लीत आणली. संध्याकाळ झाली की आपापल्या दारासमोरून निघून क्रूसापाशी उभं राहायचं, मोकळ्या हवेत. मेरीमातेला आणि सेंट रोकला हाक घालायची. सेंट रोक हा युरोपातला जुना प्लेगचा संत. रोग्यांची सेवा करता करता त्यालाच प्लेग झाला, तो रानात जाऊन राहिला आणि एक कुत्रा त्याला रोज भाकरी आणून द्यायचा, अशी कथा. त्याच्या मूर्तीत मांडीवरची जखम उघडी दाखवलेली असते. ही मूर्ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी थबकलो होतो, कारण देवाधर्माच्या मूर्तीत आजार झाकतात, असाच माझा समज होता.

त्या प्रार्थनेतही तसंच आहे. रोझरीच्या पाच दशकांच्या माळेत 'नमो मारिये' त्रेपन्न वेळा म्हणतात. त्याचा उत्तरार्ध म्हणजे आत्ता आणि आमच्या मरणाच्या वेळी आमच्यासाठी विनंती कर, अशी याचना. म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांत त्रेपन्न वेळा स्वतःच्या मरणाचा उच्चार! संतांच्या लिटनीत तर रोगराई, दुष्काळ आणि युद्ध यांची नावं घेऊन सुटका मागितलेली आहे. दिवसभर ज्या शब्दाला घरात बंदी, तो संध्याकाळी चारचौघांत मोठ्याने म्हणायचा. भीती जाते की नाही ते देव जाणे, पण ती एकट्याची राहत नाही.

म्हणायची पद्धतही बघा. अर्धा भाग पुढचा म्हणतो, अर्धा बाकीचे. एकाचा श्वास संपतो तिथे दुसऱ्यांचा सुरू. इटलीतल्या संशोधकांनी २००१ मध्ये तेवीस जणांवर हे मोजून पाहिलं. लॅटिन रोझरी म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो, आणि ओमचा मंत्र म्हणतानाही जवळजवळ तेवढाच. घाबरलेल्या माणसाला आपण "दीर्घ श्वास घे" सांगतो, तो त्याला जमत नाही. इथे न सांगता जमतो. आमच्याकडची रामरक्षा किंवा संध्याकाळचा परवचा यांनीही हेच केलं असणार, असं मला वाटतं.

आता एक गोष्ट स्वच्छ लिहितो. प्रार्थनेने प्लेग थांबला नाही. क्रूस उभे राहिल्यावरही वर्षानुवर्षं साथ परत परत येत राहिली. लस हाफकिनने तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. व्हिएगस यांनी हजारो लोकांना ती टोचली. ते स्वतः कॅथलिक होते. टोचून घ्यायचं की क्रूसापाशी जायचं, असा सवाल त्या गल्ल्यांत होता असं मला कुठे दिसत नाही. दोन्हीही होत होतं. तो सवाल आपण नंतर तयार केला.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये एका संध्याकाळी औषध आणायला निघालो होतो. वांद्र्यातल्या एका क्रूसापाशी मास्क लावलेली एक म्हातारी बाई एकटीच उभी. गल्लीतली बाकीची माणसं आपापल्या खिडकीत. ती पुढचा भाग म्हणत होती आणि खिडक्यांतून उत्तरं येत होती. मी औषधाची पिशवी हातात घेऊन तिथेच थांबलो, संपेपर्यंत. मला एक शब्द म्हणता येत नव्हता, पण गेले पंधरा दिवस छातीत जे गच्च बसलं होतं ते जरा सैल झालं. माझे वडील तेव्हा इस्पितळात होते.

हे आज लिहायचं कारण, रस्ता रुंदीकरण आणि अनधिकृत बांधकामांच्या याद्यांत हे क्रूस अधूनमधून येतात. २०१७ च्या एप्रिलमध्ये बाजार रोडवरचा एक जुना क्रूस महापालिकेने पाडला, तेव्हा खूप आरडाओरडा झाला. रस्ते मोकळे हवेत हे मलाही मान्य आहे, सगळ्याच धर्मांच्या बाबतीत. पण अशा यादीत 'बांधकाम' एवढंच लिहिलं जातं, साल लिहिलं जात नाही. आणि रंगाचे थर चढत गेल्यामुळे चौथऱ्यावरची अक्षरंही बुजत चालली आहेत.

म्हणून एक काम सांगतो. तुमच्या गल्लीत असा क्रूस असेल तर तिथल्या घरातल्या कोणाला तरी विचारून, परवानगी घेऊन त्याचा फोटो काढा. चौथऱ्याचा वेगळा काढा, सकाळच्या तिरप्या उन्हात, म्हणजे अक्षरं उठून दिसतात. मे महिन्यात गेलात तर रोझरीनंतर उकडलेले चणे मिळतील, तेही खा. फोटो मला इथेच पाठवा, मी यादी करतोय. आत्तापर्यंत एकोणीस झाले आहेत.