नोटेवर कोण असावं?

मंडळी, आम्हा सायखेडेकरांना नोटांचं कौतुक जरा जास्तच. नाशिकरोडचा छापखाना आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. आमच्याकडे 'प्रेस' म्हटलं की वर्तमानपत्र आठवत नाही, नोटांचा कारखाना आठवतो. मुलगा प्रेसमध्ये लागला म्हणजे त्याच्या आईवडिलांची एक मोठी काळजी मिटली, असा एक काळ होता.

परवा नातवाने मोबाईलवर एक नोट दाखवली. दोनशेची, आणि तिच्यावर छत्रपती शिवाजी महाराज. "आजोबा, ही खरी आहे का?" म्हटलं, नाही रे, कुणीतरी संगणकावर केलेली करामत आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात लक्ष्मी-गणपतीचं चित्र नोटेवर छापा अशी मागणी दिल्लीतून झाली, तेव्हा अशा नोटांचा पाऊसच पडला होता. त्यातलीच एखादी अजून फिरत असेल. पण त्याचा पुढचा प्रश्न अवघड होता. "मग खऱ्या नोटेवर महाराज का नाहीत?"

सत्तरी ओलांडलेल्या मास्तराला प्रश्न विचारला की तो उत्तर थोडक्यात देत नाही, हे माझ्या घरच्यांना ठाऊक आहे. आता तुम्हीही ऐका!

नाशिकरोडच्या छापखान्यातून १९२८ साली पहिली नोट बाहेर पडली ती पाच रुपयांची. त्याआधी आपल्या नोटा इंग्लंडहून छापून यायच्या. छपाई इथे आली तरी चेहरा मात्र तिकडचाच राहिला, पंचम जॉर्जचा. १९३५ साली रिझर्व्ह बँक स्थापन झाली, १९३८ च्या जानेवारीत तिची पहिली नोट निघाली, तीही पाचाचीच, आणि तिच्यावर सहावा जॉर्ज. यातली एक गंमत बघा. १९४३ साली चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यामुळे त्या काळातल्या नोटांवर चेहरा इंग्लंडच्या राजाचा आणि सही आपल्या रायगड जिल्ह्यातल्या मराठी माणसाची! चेहरा कुणाचा हे सगळे बघतात, सही कुणाची हे कुणी बघत नाही.

पैशावर कुणाचा चेहरा असावा हे भांडण आमच्या भागाला नवीन नाही. सायखेड्यापासून फार लांब नाही, सिन्नर तालुक्यात दारणा-गोदावरीच्या संगमाजवळ जोगलटेंभी नावाचं गाव आहे. तिथे १९०६ साली जुन्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. चांदीची तेरा हजारांहून जास्त नाणी. सगळी क्षत्रप नहपानाची. एका बाजूला त्याचा चेहरा आणि नाण्यावर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्यांतली अक्षरं. म्हणजे एकाच चलनावर अनेक लिप्या हा प्रकारही आजचा नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला आहे. नहपानाचा पराभव केल्यावर त्याने नाणी वितळवली नाहीत. त्याच नाण्यांवर आपलं नाव आणि चैत्याची खूण मारून ती परत बाजारात आणली. आणि स्वतःचा चेहरा? तो त्याने या नाण्यांवर घातला नाही. कित्येक नाण्यांवर नव्या ठशाखालून नहपानाचं नाक, कान अजून डोकावतात. चेहरा पुसायला गेलं तरी तो पूर्ण पुसला जात नाही, असंच म्हणायचं.

आता महाराज. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. शिवराईवर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. बस्स! चित्र नाही, चेहरा नाही. स्वतंत्र राजा झाल्याची खूण म्हणून देवनागरीतलं नाव पुरेसं होतं. नातवाला म्हटलं, अरे, महाराजांनी स्वतःच्या नाण्यावर स्वतःचा चेहरा घातला नाही, आणि आपण त्यांना दोनशेच्या नोटेवर बसवायला निघालोय! तसे ते आपल्या नाण्यावर येऊन गेलेले आहेत. १९९९ साली दोन रुपयांचं स्मारक नाणं निघालं होतं. त्याच वर्षी एक रुपयाच्या नाण्यावर ज्ञानेश्वर माउली होते. बाबासाहेबांचं नाणं १९९० साली त्यांच्या जन्मशताब्दीला निघालं. नाण्यांच्या बाबतीत सरकारने हात बराच सैल सोडलेला आहे. नोटांच्या बाबतीत मात्र आखडता.

तो का, हे समजून घ्यायला स्वातंत्र्याच्या वेळी जायला हवं. राजाचा चेहरा काढायचा हे ठरलेलंच होतं. त्याच्या जागी कोण? पहिला विचार गांधीजींचा झाला. तसे नमुनेसुद्धा तयार झाले. आणि मग शेवटी एकमत झालं ते सारनाथच्या सिंहांवर. १९४९ साली एक रुपयाच्या नोटेवर ते आले आणि मग बाकीच्या नोटांवर. विचार करा. गांधीजींना जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती. त्यांच्याबरोबर तुरुंगात गेलेली माणसं सत्तेवर होती. तरी त्यांनी माणसाऐवजी एक शिल्प निवडलं. (भाषेच्या मास्तराला आवडणारी आणखी एक गोष्ट : १९५३ च्या सुमारास हिंदीत 'रुपया'चं अनेकवचन काय करायचं यावरही खल झाला आणि 'रुपये'वर शिक्कामोर्तब झालं.)

गांधीजी नोटेवर आले ते १९६९ साली, जन्मशताब्दीला. बसलेले, आणि मागे आपल्या वर्ध्याजवळचा सेवाग्राम आश्रम. मग १९८७ मध्ये पाचशेच्या नोटेवर, आणि १९९६ पासून 'महात्मा गांधी मालिका' म्हणून एकेक करत रिझर्व्ह बँकेच्या सगळ्या नोटांवर. यामागे भक्तीइतकाच व्यवहारही आहे. इमारतीच्या चित्रात चार रेघा इकडेतिकडे झाल्या तर आपल्याला कळत नाही, पण ओळखीच्या चेहऱ्यात जरासा फरक पडला की डोळा लगेच अडखळतो. बनावट नोट ओळखायला चेहरा बरा. २०१० साली रिझर्व्ह बँकेने समिती नेमून दुसऱ्या कुणाचा विचार करावा का हे तपासलं, आणि गांधीजीच असू द्यावेत असं ठरलं. २०२२ च्या जूनमध्येही बदलाचा प्रस्ताव नाही असा खुलासा बँकेने केला. कायद्याने पाहिलं तर नोटेचं रूप बँकेचं मध्यवर्ती मंडळ सुचवतं आणि केंद्र सरकार मंजूर करतं. त्यात तुमचं-माझं मत कुणी विचारत नाही.

मी मात्र एकदा विचारलं होतं. आणि तेच आज सांगायचं आहे.

१९९६-९७ ची गोष्ट. गांधीजींच्या नव्या नोटा नुकत्याच हातात येऊ लागल्या होत्या. मी सातवीच्या वर्गाला इतिहास शिकवत होतो. एक दिवस फळ्यावर लिहिलं : 'नोटेवर कोण असावं?' प्रत्येकाने चिठ्ठीवर एक नाव लिहायचं. मला वाटलं, वा, काय छान उपक्रम! चिठ्ठ्या गोळा केल्या आणि एकेक मोठ्याने वाचत फळ्यावर रेघा मारू लागलो. महाराज सर्वांत पुढे. मग बाबासाहेब, जोतीराव, अहिल्याबाई, सावित्रीबाई, टिळक, सावरकर. नावं एकाहून एक मोठी. पण पाच-सहा चिठ्ठ्यांनंतर माझ्या लक्षात आलं की मुलं फळ्याकडे बघतच नाहीत. ती एकमेकांकडे बघताहेत. हे नाव कुणी लिहिलं असेल ते ओळखताहेत. आणि बरोबर ओळखताहेत! मधल्या सुट्टीत 'तुमचा' आणि 'आमचा' सुरू झालं, दोघांचे सदरे फाटले.

एक चिठ्ठी कोरी होती. कुणाची ते अक्षर नसतानाही मला कळलं, कारण तो मुलगा मान खाली घालून बसला होता. हुशार मुलगा, इतिहासात पहिला. शाळा सुटल्यावर त्याला थांबवून विचारलं, "का रे, तुला एकही नाव सुचलं नाही?" तो म्हणाला, "सुचलं होतं सर. पण नाव लिहिलं की कळतं."

काय कळतं, हे मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि घरी आलो. त्याच्याशी यावर नीट बोलायला हवं होतं, वर्गाशीही बोलायला हवं होतं. ते मी केलं नाही. दुसऱ्या दिवशी पुढचा धडा घेतला. पस्तीस वर्षांच्या नोकरीत ज्या गोष्टी टोचतात त्यांतली ही एक.

तेव्हापासून मला त्या १९४९ च्या निर्णयाचं मोल वेगळं वाटू लागलं. युरोपातल्या देशांनी २००२ मध्ये एकच चलन हातात घेतलं तेव्हा त्यांनीही असंच केलं. नोटांवर माणूस नाहीच, कमानी आणि पूल, आणि तेही खरे नव्हेत, कल्पनेतले! खरा पूल काढला तर तो कुठल्यातरी एका देशाचा होणार. इंग्लंडची तऱ्हा वेगळी. तिथे पन्नास पौंडांच्या नोटेसाठी लोकांकडून शास्त्रज्ञांची नावं मागवली, दोन लाखांहून जास्त सूचना आल्या आणि ॲलन ट्युरिंग हे नाव ठरलं. २०२१ मध्ये ती नोट आली. ज्या माणसाला त्याच्या हयातीत त्याच देशाने कायद्याने अपमानित केलं, त्याचा तो चेहरा. म्हणजे निवड करूच नये असं माझं म्हणणं नाही. पण ज्या घरांतून 'आमचा माणूस' म्हणून नावं येतात, तिथे नोट हे बक्षीस होऊन बसतं. बक्षीस एकाला मिळालं की बाकीचे हरलेच.

बाबासाहेबांचंच घ्या. १९२३ साली त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला, पुढे चलनाच्या चौकशीला आलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. रुपयाशी इतकं थेट नातं असलेला दुसरा राष्ट्रपुरुष दाखवणं कठीण. पण हे कारण त्या दिवशी वर्गात कुणी दिलं नाही. मीही सांगितलं नाही. आम्ही नुसत्या रेघा मोजत होतो.

पुढे दोनेक वर्षांनी मी तोच उपक्रम पुन्हा घेतला, पण अट बदलली. ज्यांचा फोटो तुमच्या घरातल्या भिंतीवर नाही, अशा एकाचंच नाव लिहायचं, आणि त्यांनी काय केलं ते पाच ओळींत सांगायचं. आधी वर्ग गप्प झाला. मग मुलं पुस्तकं चाळायला लागली, एकमेकांना विचारायला लागली. त्या दिवशी भांडण झालं नाही. चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या, आणि कुठली कुणाची ते कुणालाच ओळखता आलं नाही.

कोऱ्या चिठ्ठीचा तो मुलगा तोवर शाळा सोडून गेला होता. आता चाळिशीच्या पुढे असेल.

नातवालाही मी हीच अट घातली आहे. अजून त्याचं उत्तर आलेलं नाही, शोध चालू आहे म्हणतो. तुम्हांलाही तोच गृहपाठ. तुमच्या भिंतीवर नसलेलं एक नाव आणि पाच ओळी. वाट बघतो.