एका आज्ञावलीची राज्यघटना

गावातले वाचनालय असो की शिक्षकांची पतपेढी, प्रत्येक सार्वजनिक संस्थेपुढे तीन प्रश्न हमखास उभे राहतात. पैसा कोणाच्या नावावर ठेवायचा? निर्णय कोणी घ्यायचा? आणि संस्थापक बाजूला झाल्यावर पुढे काय? एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखणारे सभासदही या प्रश्नांवरून भांडतात, संस्था फुटतात. मग जिचे सभासद अनेक देशांत विखुरले आहेत, जी कोणालाही पगार देत नाही, अशा संस्थेने ही कोडी कशी सोडवली असतील? ‘डेबियन’ या संगणक-प्रणालीचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

आज्ञावली प्रथम माणसाला वाचता येईल अशा रूपात लिहिली जाते. हा मूळ मजकूर कोणालाही पाहता, बदलता आणि इतरांना वाटता येईल अशा परवान्याने खुला केला, की तिला मुक्त आज्ञावली म्हणतात. ‘लिनक्स’ हा अशा प्रकारचा एक गाभा आहे. परंतु नुसत्या गाभ्यावर संगणक वापरता येत नाही. त्याच्याभोवती असंख्य लहानमोठ्या आज्ञावल्या एकमेकींशी जुळवून घ्याव्या लागतात. हे काम अनेकांनी मिळून, सर्वांसमक्ष करावे, अशी घोषणा अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे विद्यार्थी इयन मर्डॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी केली. डेब्रा हे त्यांच्या मैत्रिणीचे नाव आणि इयन हे स्वतःचे, यांच्या जोडणीतून ‘डेबियन’ हे नाव आले.

नोव्हेंबर १९९४ पासून वर्षभर ‘फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन’ या संस्थेने डेबियनला आधार दिला. तो संपला आणि १९९६ च्या मार्चमध्ये मर्डॉक यांनीही नेतृत्व सोडले. त्यांची जागा ब्रूस पेरेन्स यांनी घेतली. काम करणारी माणसे वाढत होती, देणग्या देऊ इच्छिणारेही होते. पण ‘डेबियन’ नावाची कोणतीही नोंदलेली संस्था नव्हती. देणगीचा धनादेश लिहायचा कोणाच्या नावे? नेत्याच्या नावे लिहिला, तर नेता बदलल्यावर त्या पैशाचे काय?

यावरचा तोडगा १९९७ च्या जूनमध्ये निघाला. न्यूयॉर्क राज्यात ‘सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट’ ही ना-नफा संस्था नोंदवण्यात आली. देणग्या, यंत्रसामग्री आणि डेबियन हे नाव तिने विश्वस्त म्हणून सांभाळायचे. आज ती ‘पोस्टग्रेएसक्यूएल’सारख्या इतर प्रकल्पांसाठीही हेच काम करते. तिचा कारभार सभासदांनी निवडून दिलेले संचालक मंडळ पाहते.

खरी मेख पुढे आहे. पैसा ज्याच्या हाती, त्याचा शब्द अखेरचा, असा जगाचा अनुभव. डेबियनने ही वाट लेखी नियमाने बंद केली. मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेला प्रणालीविषयीच्या निर्णयांत कसलाही अधिकार नाही. आणि डेबियननेही त्या संस्थेवर हुकूम चालवायचा नाही, फक्त आपल्यासाठी ठेवलेल्या मालमत्तेचा विनियोग सांगायचा. संस्थेला कायद्याबाहेर जावे लागेल असे काही मात्र सांगता येत नाही.

निर्णय घेण्याची व्यवस्था इयन जॅक्सन यांनी लिहिलेल्या घटनेत आहे. ती डिसेंबर १९९८ मध्ये संमत झाली. नेता एका वर्षासाठी निवडला जातो. तांत्रिक वाद मिटवण्यासाठी जास्तीत जास्त आठ जणांची समिती असते. या सर्वांच्या वर सभासदांचा सर्वसाधारण ठराव. नेत्याचा निर्णयही त्याने फिरवता येतो. खुद्द घटना बदलायची, तर मात्र तिनास एक असे बहुमत लागते. आम्हांला सर्वांत अर्थपूर्ण वाटते ते कलम वेगळेच आहे: या घटनेमुळे कोणावरही काम करण्याचे बंधन येत नाही. काम स्वयंसेवकाचे असल्याने ते सक्तीने करून घेता येत नाही, हे सत्य घटनाकारांनी आधीच मान्य करून टाकले.

गणपूर्तीचा नियम गणिताच्या शिक्षकांना आवडेल. सभासदसंख्येच्या वर्गमुळाच्या निम्म्याची तिप्पट, इतक्या मतदारांचा पाठिंबा ठरावाला किमान हवा. सभासद १,००० असतील, तर वर्गमूळ सुमारे ३१.६, निम्मे १५.८, तिप्पट ४७.४, म्हणजे ४८ मते पुरतात. सभासद चौपट झाले, तरी ही अट दुप्पटच होते. मोठ्या संस्थेत बरेच सभासद मतदानाला येत नाहीत. तरीही कारभार अडू नये, अशी ही सोय आहे.

मतदानही आपल्या ओळखीचे नाही. मतदार पर्यायांना पसंतीक्रम देतो. समजा, नऊ विद्यार्थी सहलीचे ठिकाण ठरवत आहेत. चौघांचा क्रम रायगड, लोणार, अजिंठा. तिघांचा अजिंठा, लोणार, रायगड. आणि दोघांचा लोणार, अजिंठा, रायगड. केवळ पहिली पसंती मोजली, तर चार मतांनी रायगड जिंकतो. पण पाच जणांनी रायगडाला शेवटचे स्थान दिले आहे! आता जोड्या लावून पाहू. रायगड की लोणार, असे विचारले तर लोणारला ५ विरुद्ध ४. लोणार की अजिंठा, असे विचारले तर लोणारला ६ विरुद्ध ३. प्रत्येक जोडीत लोणार जिंकते. ही कल्पना फ्रेंच गणिती कोंदोर्से यांनी १७८५ मध्ये मांडली. कधी अ हा ब ला, ब हा क ला आणि क पुन्हा अ ला हरवतो, असे चक्रही तयार होते. ते सोडवण्यासाठी सर्वांत कमकुवत पराभव गळून टाकण्याची रीत डेबियनने २००३ मध्ये स्वीकारली. नेत्याच्या निवडणुकीत ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हाही पर्याय असतो, आणि तो जिंकला तर निवडणूक पुन्हा घ्यावी लागते.

एवढ्या तजविजीनंतर भांडणे थांबली का? नाही. संगणक सुरू होताच इतर सर्व सेवा कोणत्या आज्ञावलीने सुरू कराव्यात, हा वाद २०१४ मध्ये इतका पेटला, की तांत्रिक समितीत मते चारास चार अशी समसमान पडली. अध्यक्षांच्या निर्णायक मताने ‘सिस्टमडी’ची निवड झाली. नोव्हेंबरमध्ये हा विषय सर्व सभासदांपुढे आला, तेव्हा ‘याबाबत ठरावाची गरज नाही’ हा पर्याय जिंकला. समितीतील तिघांनी राजीनामे दिले, आणि काही जणांनी वेगळे होऊन ‘देवुआन’ ही प्रणाली काढली. त्याच डिसेंबरमध्ये समितीच्या सभासदांना मुदत घालणारी दुरुस्ती घटनेत झाली. असहमतांना सगळा मजकूर बरोबर घेऊन बाहेर पडता आले, कारण तो मुक्त होता. राहिलेल्यांचा पैसा आणि नाव सुरक्षित राहिले, कारण ते विश्वस्ताकडे होते.

मर्डॉक यांचे २०१५ च्या डिसेंबरमध्ये निधन झाले. त्यांनी नेतृत्व सोडले त्याला तेव्हा जवळजवळ वीस वर्षे झाली होती, आणि डेबियनचे काम चालूच होते. २०२३ मध्ये तिची वार्षिक परिषद कोचीला भरली. केरळच्या शाळांतील संगणक-प्रणाली ‘उबुंटू’वर बेतलेली आहे, आणि उबुंटू डेबियनवर. म्हणजे कोण्या दूरच्या विद्यार्थ्याने सुरू केलेल्या कामावर आपल्याच देशातील मुले शिकत आहेत.

वर्गात मंत्रिमंडळाची निवडणूक घ्यायची असेल, तेव्हा एकदा पसंतीक्रमाने घेऊन पाहावी. दोन्ही रीतींनी मोजणी करावी आणि निकाल वेगळे आले, तर कोणता न्याय्य, हे मुलांनाच विचारावे. आणि वर्गनिधीची पेटी मंत्रिमंडळाबाहेरच्या एखाद्या विद्यार्थ्याकडे द्यावी. असे का, हा प्रश्न मुले विचारतीलच. तेव्हा त्यांना डेबियनची ही गोष्ट सांगता येईल.