एका भिंगाचा प्रवास

गेल्या वर्षी वडिलांच्या उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू काढण्यात आला. खर्चाची प्रतिपूर्ती मिळावी म्हणून देयके जोडून अर्ज करण्याचे काम आमच्याकडे आले. कारकुनाच्या घरी ते दुसऱ्या कोणाकडे जाणार? त्या देयकांत बोटभर लांबीची एक चिकटपट्टी होती. डोळ्यात बसविलेल्या भिंगाचा क्रमांक, त्याची शक्ती आणि त्याचा व्यास तीवर छापलेला होता. मूळ पट्टी जोडल्यावाचून अर्ज पुढे सरकणार नाही, असे सहकाऱ्याने बजावून सांगितले. रोज कितीतरी कागद आमच्या हाताखालून जातात. पण त्या एवढ्याशा कागदापाशी आम्ही थबकलो. आम्हांस आजोबांचा चष्मा आठवला.

आजोबा गुलबर्ग्यास शिक्षक होते. १९८४च्या सुमारास एका नेत्रशिबिरात त्यांचे मोतीबिंदू काढले गेले. मोतीबिंदू ‘पिकल्याशिवाय’ काढावयाचा नाही, अशी त्या काळची रीत; म्हणून तोपर्यंत दोन वर्षे त्यांनी जवळजवळ अंधारातच काढली होती. पुढे आमच्या बालपणी आम्ही पाहिला तो त्यांचा जाड, फुगीर भिंगांचा चष्मा. डोळ्यातील नैसर्गिक भिंग काढून टाकले की त्याचे काम नाकावरच्या काचेने करावयाचे, असा तो व्यवहार होता. त्या काचेतून प्रत्येक वस्तू सव्वापटीहून मोठी आणि म्हणून जवळ भासे. चहाच्या कपाकडे नेलेला आजोबांचा हात अलीकडेच थांबे. जिना उतरताना पाय पायरी शोधीत राही. काचेच्या कडेशी काहीच दिसत नसे, त्यामुळे बाजूने आलेले माणूस त्यांच्यापुढे एकाएकी उभे राही आणि ते दचकत. तक्रार मात्र त्यांनी कधी केली नाही. “दिसते आहे, हेच पुष्कळ,” एवढेच ते म्हणत.

पुढे वाचन करता करता आमच्या ध्यानात आले की, डोळ्यातच बसणारे कृत्रिम भिंग आजोबांच्या शस्त्रक्रियेपूर्वी पस्तीस वर्षे जगात अवतरलेले होते. मग ही पस्तीस वर्षे गेली कोठे? हा लेख त्या प्रश्नापोटी लिहिला आहे.

मोतीबिंदूवरील शस्त्रक्रिया फार जुनी. शलाकेने डोळा वेधून दृष्टी मोकळी करण्याचा विधी सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात वर्णिलेला आहे. गढूळ झालेले भिंग सुईने दृष्टीच्या वाटेतून बाजूला सारण्याची रीत पुढे शतकानुशतके अनेक देशांत चालली. १७४७ साली फ्रान्समधील झाक दाव्हिएल यांनी ते भिंग डोळ्याबाहेर काढले आणि नवे युग सुरू झाले. परंतु काढलेल्या भिंगाच्या जागी काय, या प्रश्नास तेथून पुढे दोनशे वर्षे एकच उत्तर राहिले: जाड चष्मा.

दुसरे उत्तर सापडले ते युद्धाच्या धामधुमीत. १५ ऑगस्ट १९४० रोजी इंग्लंडच्या आकाशात गॉर्डन क्लीव्हर या वैमानिकाच्या हरिकेन विमानावर गोळ्या आदळल्या. बैठकीवरील पारदर्शक छत फुटून त्याचे कण त्याच्या दोन्ही डोळ्यांत शिरले. एक डोळा कायमचा गेला, दुसरा वाचला. हे छत काचेचे नव्हे, तर पर्स्पेक्स नावाच्या प्लास्टिकचे होते. अशा जखमी वैमानिकांचे डोळे तपासताना हॅरॉल्ड रिड्ले या नेत्रशल्यविशारदांच्या लक्षात एक गोष्ट आली. परकी वस्तू आत शिरली की डोळा सुजावा, लाल व्हावा, हा नित्याचा अनुभव. पण पर्स्पेक्सचे कण डोळ्यात वर्षानुवर्षे निमूटपणे पडून राहात. डोळा त्यांना जणू ओळखतच नव्हता.

असे म्हणतात की, युद्धानंतर लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात रिड्ले मोतीबिंदू काढीत असताना पाहावयास उभ्या असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारले, काढलेल्या भिंगाच्या जागी आपण दुसरे का बसवीत नाही? प्रश्न भाबडा होता, आणि भाबडे प्रश्न विद्वानांस सुचत नाहीत. रिड्ले यांच्या मनात तो विचार बहुधा पूर्वीच घोळत असावा. रेनर या चष्म्यांच्या भिंगांच्या कंपनीतील जॉन पाइक यांच्या साहाय्याने त्यांनी पर्स्पेक्सचे भिंग घडवून घेतले. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी पंचेचाळीस वर्षांच्या एका स्त्रीवर शस्त्रक्रिया झाली, आणि ८ फेब्रुवारी १९५० रोजी ते भिंग तिच्या डोळ्यात कायमचे बसले. हिशेब मात्र चुकला होता. भिंगाचा आकार मानवी भिंगावरून घेतलेला होता. पण पर्स्पेक्स प्रकाशास अधिक वाकविते, हे पुरेसे जमेस धरलेले नव्हते. बाई अतिशय ऱ्हस्वदृष्टी झाली. तरीही जे सिद्ध व्हावयाचे ते झाले: डोळ्याने भिंग स्वीकारले.

रिड्ले यांनी हे काही काळ गुप्त ठेविले. पुढे एक रुग्ण चुकून रिड्ले याच आडनावाच्या दुसऱ्या नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन पोहोचला आणि बिंग फुटले! चुकीच्या टेबलावर गेलेल्या फायलीने काय काय घडते, हे आम्हां कारकुनांस सांगावयास नको. १९५१ साली ऑक्सफर्ड येथील नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेत रिड्ले यांनी आपला शोध जाहीरपणे मांडला. बरोबर दोन रुग्णही नेले होते. नेत्रशास्त्रातील त्या काळचे सर्वश्रेष्ठ अधिकारी सर स्ट्यूअर्ट ड्यूक-एल्डर यांनी त्या रुग्णांचे डोळे पाहण्याचेही नाकारले. नेत्रवैद्याचे काम डोळ्यातून परकी वस्तू काढण्याचे, घालण्याचे नव्हे, ही त्या पिढीची श्रद्धा होती.

विरोधकांवर सर्व दोष ढकलणे तथापि न्यायाचे होणार नाही. आरंभीचे भिंग जड होते. ते जागेवरून घसरे, कधी डोळ्याच्या तळाशी जाऊन बसे. दाह होई, डोळ्यातील दाब वाढे. काहींनी भिंग बुबुळाच्या पुढे बसवून पाहिले. त्याने पुढच्या पारदर्शक पटलास इजा पोहोचली. हा मार्ग डोळस प्रयोगांनीच सुधारावयाचा होता, आणि त्यासाठी लागणारी सहानुभूती रिड्ले यांस दीर्घकाळ लाभली नाही. १९६६ साली त्यांनी व पीटर चॉइस यांनी समविचारी शल्यविशारदांचे एक छोटेसे मंडळ स्थापिले. १९६७ साली अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करून तो बारीक छेदातून शोषून घेण्याची रीत काढली. सत्तरीच्या दशकाअखेर नवी, हलकी भिंगे रिड्ले यांनी निवडलेल्या जागीच, बुबुळाच्या मागे, पुन्हा जाऊन बसली. १९८१ साली अमेरिकन शासनाने अशा भिंगांस मान्यता दिली. आता तर मोतीबिंदू नसलेल्या, केवळ फार मोठा उणे नंबर असलेल्या तरुणांच्या डोळ्यांतही, नैसर्गिक भिंग तसेच ठेवून, जादा भिंग बसविता येते.

विद्वत्तेचा अडसर असा दूर झाला. दुसरा उभा होता तो किमतीचा. परदेशी भिंगास शंभर डॉलरांच्या घरात पैसे पडत. गुलबर्ग्याच्या शिबिरात ते कोठून येणार? येथे या कथेत मदुरा शहर येते. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी हे सरकारी सेवेतील नेत्रतज्ज्ञ. संधिवाताने बोटे वाकडी झालेली असतानाही त्यांनी शस्त्र धरण्याची कला कष्टाने साध्य केली होती. १९७६ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, ते सेवानिवृत्त झाले. आमच्यासारखा नोकर त्या दिवशी हार व नारळ घेऊन घरी जातो. डॉक्टरांनी त्याच साली अकरा खाटांचे अरविंद नेत्ररुग्णालय उघडले. ऐपतदारांनी पैसे द्यावेत आणि त्यावर गरिबांच्या शस्त्रक्रिया विनामूल्य व्हाव्यात, असा त्याचा हिशेब होता. १९९२ साली याच परिवाराने ऑरोलॅब हा कारखाना काढून भिंगे येथेच घडविली. त्यांची किंमत दहा डॉलरांच्या आसपास आली, पुढे आणखी उतरली. आज ती शंभराहून अधिक देशांत जातात. १९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदूनिवारणाची योजना राबविली गेली, तेव्हा शिबिरांतील जाड चष्म्याची जागा हळूहळू या भिंगाने घेतली. आजोबांचे डोळे तोपर्यंत होऊन गेले होते.

रिड्ले यांस १९८६ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि २००० साली ‘सर’ ही पदवी मिळाली. २००१ साली ते वारले. उतारवयात त्यांच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत, त्याच सेंट थॉमस रुग्णालयात, अशीच भिंगे बसविली गेली. क्लीव्हरच्या वाचलेल्या डोळ्यासही १९८७ साली ते लाभले. ज्याच्या जखमेतून कल्पना निघाली, त्याच्यापर्यंत पोहोचावयास तिला सत्तेचाळीस वर्षे लागली. इतिहासात शोधाचे साल ठळक अक्षरांत छापलेले असते. पण तो शोध सामान्य माणसाच्या दारी कोणत्या साली आला, हे सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. आम्हांस ते दुसरे सालच अधिक मोलाचे वाटते.

अर्ज मंजूर झाला. मूळ पट्टी फायलीत गेली. तिची एक छायाप्रत आम्ही आजोबांच्या चष्म्याच्या डबीत ठेविली आहे. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी वडील गच्चीवर उभे राहून समोरच्या दुकानाची पाटी वाचीत होते. वाचता वाचता थांबले आणि म्हणाले, “अण्णांना हे मिळायला हवे होते.”