गवत की झाड?

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी एक बुरुडीण यायची. सुपं, टोपल्या, परड्या, सगळी उतरंड डोक्यावर. आजी तिच्याशी सुपाच्या भावावरून हुज्जत घालायची आणि ती दरवर्षी एकच उत्तर द्यायची, "बांबूच मिळत नाही माय, मी काय करू?" मला नवल वाटायचं. आमच्या त्या वेळच्या चांदा जिल्ह्यात बांबूचं रानच्या रान उभं असताना बुरुडिणीला बांबू मिळत नाही, हे कसं? याचं उत्तर कळायला मला पुष्कळ वर्षं लागली. ते रानात नव्हतं, कायद्याच्या पुस्तकात होतं.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं बांबू हे गवत. गहू, ज्वारी, ऊस यांचाच तो थोरला भाऊ. पण इंग्रजांनी १९२७ साली जो भारतीय वन कायदा केला, त्यात 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बांबूही घातला. एका शब्दाचा हा फरक. परंतु त्यामुळे जंगलातला बांबू इमारती लाकडाच्या पंगतीला जाऊन बसला. तो कोणी तोडायचा, कोणी विकायचा आणि कोणी गाडीत घालून न्यायचा, हे सरकार ठरवू लागलं. शेजारच्या माणसाचा त्यावरचा हक्क सवलतीपुरता उरला.

स्वातंत्र्यानंतर कागदाची गरज वाढली. शाळा वाढल्या, वर्तमानपत्रं वाढली. कागद गिरण्यांना बांबूची जंगलं दीर्घ मुदतीच्या करारांनी मिळाली. आपल्याकडे बल्लारपूरला गिरणी होती, कारवारकडे दांडेलीला १९५८ मध्ये उभी राहिली. दांडेलीच्या गिरणीला बांबू टनाला दीड रुपया या दरानं देण्यात आला होता. तिकडच्या बुरुडांना तोच बांबू बाजारात याच्या कितीतरी पट भावानं घ्यावा लागे. काही वर्षांनी बांबू कमी पडू लागला, बुरुडांनी ओरड केली, आणि १९७५ मध्ये कर्नाटक सरकारनं माधव गाडगीळ यांना या प्रश्नाचा अभ्यास करायला सांगितलं.

त्या अभ्यासातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचं दाट जाळं असतं. बेटं मोकळी झाली तर बांबू चांगला वाढेल, असं मानून ते जाळं साफ केलं जाई. गावकरी म्हणत, हे चुकतंय. काटे काढले की कोवळे कोंब उघडे पडतात आणि गुरं, रानजनावरं ते खाऊन टाकतात. गाडगीळांनी मोजमाप करून पाहिलं, तर गावकऱ्यांचंच खरं निघालं. सांगायचं असं, की ज्याला जंगलाचं ज्ञान होतं त्याच्या हाती अधिकार नव्हता, आणि ज्याच्या हाती अधिकार होता त्याला काट्यांचा उपयोग ठाऊक नव्हता.

आता गडचिरोलीकडे वळतो. १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झालेला हा जिल्हा. त्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे. ऐंशीच्या दशकात गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम अशी दोन मोठी धरणं योजली होती. त्यांच्याविरुद्ध आदिवासींनी 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं केलं. धरणं बाजूला पडली. पण त्या आंदोलनातून माणसांच्या मनात एक प्रश्न उरला: जंगल वाचवलं खरं, पण ते कोणाचं?

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे लहानसं गोंड गाव या प्रश्नाला भिडलं. देवाजी तोफा हे गावचे नेते, आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांच्याबरोबर काम करणारे कार्यकर्ते. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही या गावाची घोषणा पुढे देशभर गेली. नुसती घोषणा असती तर ती केव्हाच विरून गेली असती. गावानं दोन सवयी लावून घेतल्या. एक, ग्रामसभेत निर्णय बहुमतानं नाही, सर्वांच्या सहमतीनं घ्यायचा; मग बैठका कितीही लांबोत. दुसरी, निर्णयाआधी अभ्यास करायचा. त्यासाठी गावात अभ्यासगट बसू लागले. मधाचंच पाहा. पोळ्याला आग लावून मध काढायचा, ही जुनी रीत. त्यात माश्या मरतात आणि पुढच्या वर्षीचा मधही जातो. माश्या न मारता, पिलांचा भाग तसाच ठेवून, फक्त मधाचा भाग कापून घ्यायची पद्धत लोक शिकले. इथे जीव राखणं आणि कमाई राखणं या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच.

२००६ साली संसदेनं वनहक्क कायदा केला. त्यात बांबू स्पष्ट शब्दांत गौण वनोपजात धरला, आणि सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभेकडे त्याची मालकी दिली. त्याच कायद्याच्या पाचव्या कलमात वन्यजीव, जंगल आणि जैवविविधता राखण्याची जबाबदारीही ग्रामसभेवर टाकली. हक्क आणि राखण एकाच कागदावर आली.

२००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होतं. पण गंमत बघा. हक्क मिळाला तरी बांबू विकता येईना, कारण वाहतुकीचा परवाना गावाला मिळेना. १९२७ सालचं 'झाड' अजून वाटेत उभं होतं! अखेर मार्च २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू हे गौण वनोपज असल्याचं कळवलं. २७ एप्रिल २०११ रोजी ते स्वतः मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्यासह मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आलं. एका पावतीपुस्तकासाठी एवढा इतिहास घडावा लागला.

पुढच्या हंगामात ग्रामसभेनं बांबू विकला आणि त्याची रक्कम एक कोटीच्या वर गेली. शे-सव्वाशे घरांच्या आतबाहेर असलेल्या गावाच्या दृष्टीनं हा आकडा डोळे दिपवणारा होता. इथेच खरी कसोटी होती. शहरातले पुष्कळ जण म्हणत, आता हे लोक जंगल ओरबाडून काढतील. ही शंका अगदीच बिनबुडाची आहे, असं मी म्हणणार नाही. पैसा कोणालाही मोह घालतो. पण बांबूचं गणित मुदलाला हात न लावता व्याज खाण्याचं आहे. यंदाचा कोवळा बांबू तोडायचा नाही, पावसाळ्यात तोड बंद ठेवायची, बेटात पुरेसा जून बांबू शिल्लक ठेवायचा. ठराविक मुदतीचा करार घेऊन येणाऱ्याला हे नियम ओझं वाटतात. ज्याची नातवंडं त्याच बेटावर जगणार आहेत, त्याला ते पटवून सांगावे लागत नाहीत.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावची गोष्ट याहून पुढची आहे. २०१२ मध्ये या गावाला सुमारे हजार हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला. तेंदूपत्त्याच्या धंद्यात चांगला पैसा मिळतो. पण नवी, लुसलुशीत पानं फुटावीत म्हणून तेंदूच्या फांद्या छाटतात, आगी लावतात. मग झाडाला टेंभरं धरत नाहीत. पाखरांचा आणि पोरांचा मेवा जातो. पाचगावच्या ग्रामसभेनं ठरवलं, तेंदूपत्ता तोडायचा नाही. बांबूवर भागवू. जंगलाचा एक भाग तर त्यांनी देवराई म्हणून हात न लावता राखून ठेवला. हातात येणारा पैसा सोडायला श्रीमंती लागते असं आपण समजतो. मला वाटतं, त्याला मालकी लागते. जे आपलं नाही ते 'नको' म्हणण्याचा प्रश्नच येत नाही. आपण नाही घेतलं तर दुसरा कोणी घेतो.

हे चित्र सगळीकडे असं आहे असं नाही. हक्काचा कागद मिळूनही हिशेब, निविदा, परवाने यांत अडकलेली, पुन्हा ठेकेदारावर विसंबलेली गावं आहेत. शिवाय बांबूला काही दशकांनी एकदाच फुलोरा येतो आणि बेटंच्या बेटं मरतात. मग बी रुजून नवी बेटं उभी राहीपर्यंत वर्षानुवर्षं गुरं आणि वणवे आवरावे लागतात, आणि तेवढा काळ उत्पन्न नाही. कोणत्याही गावाची एकी तेव्हा खरी पारखली जाईल.

२०१७ मध्ये केंद्र सरकारनं १९२७ च्या कायद्यातल्या 'झाडा'च्या व्याख्येतून बांबू काढून टाकला. शेतात, बांधावर लावलेल्या बांबूची वाट त्यामुळे मोकळी झाली. नव्वद वर्षांनी गवत पुन्हा गवत झालं.

आमच्या दारी येणारी ती बुरुडीण आज असती, तर तिला या कलमांचं काही कौतुक वाटलं नसतं. तिनं एवढंच विचारलं असतं, "मग आता बांबू मिळेल ना?" मेंढा आणि पाचगावकडे पाहून मी तिला सांगितलं असतं, की ज्या रानाला धनी आहे, तिथे तुझ्या सुपापुरता बांबू नक्की असेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)