लोखंडाचा शिणवटा

एका झटक्यात न तुटणारी तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते. आम्ही हा प्रयोग विद्यार्थ्यांना नेहमी करायला सांगतो. त्यामागे मोठा इतिहास आहे.

८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटला. पन्नासहून अधिक माणसे दगावली. एरवी भार पेलणारा आस तुटतो कसा? प्रशियातील रेल्वे अभियंता ऑगस्ट व्योलर यांनी आधी धावत्या गाडीत आस किती वाकतो ते मोजले. मग प्रयोगशाळेत यंत्रावर आस फिरवत, वाकवत लाखो आवर्तने दिली. १८७० पर्यंत उलगडले : ताण किती, याइतकेच तो किती वेळा उलटसुलट होतो, हे महत्त्वाचे.

आजची हादरे देणारी यंत्रेही रस्त्यावर नोंदलेली कंपनेच वाहनाला पुन्हा देतात. आधी मोजणी, मग नक्कल!