हरणांचा अभ्यास : अनेकांचे काम

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात चितळ, सांबर आणि भेकर आढळतात. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे जंगल मुंबई उपनगर व ठाणे या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. हरणाला जिल्ह्याची हद्द कळत नाही. म्हणून त्याचा अभ्यास एकट्यादुकट्याचे काम नव्हे.

ही परंपरा जुनी आहे. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये खानदेशातून सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली. अनेकांच्या मदतीने ती १९२३ पर्यंत चालली. कोणता प्राणी कोठे राहतो, हे त्यातून कळले. तो कसा जगतो, हा पुढचा प्रश्न. तो जॉर्ज शॅलर यांनी १९६३ ते १९६५ या काळात कान्हा येथे चितळ, सांबर, बारशिंगा आणि वाघ यांचे एकत्र निरीक्षण करून हाताळला.

बोरिवलीत सहकार्य वाढले ते संकटामुळे. २००४ मध्ये उद्यानाच्या परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे दगावली. २०११ मध्ये वनखाते, संशोधक व नागरिक एकत्र आले. २०१५ च्या अभ्यासात कॅमेऱ्यांनी ३५ बिबटे टिपले. बिबट्याच्या विष्ठेतील केसांवरून त्याचे भक्ष्य ओळखता येते. त्यात हरणांबरोबर कुत्रीही निघाली.

यावरून आपण काय शिकतो? उघड्यावरच्या कचऱ्यावर कुत्री पोसली जातात आणि त्यांच्यामागे बिबट्या वस्तीत येतो. हरीण रानात टिकणे आणि कचरा गल्लीतून हटणे, दोन्ही हवे. मुलुंडच्या विद्यार्थ्यांनी आपल्या गल्लीतील कचऱ्याची नोंद ठेवली, तर तीही आम्हा संशोधकांना उपयोगीच पडेल.